पाण्याला मज्जाव

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्याच दिवशी दारात माझी बादली काढून घेतली. जिने सगळी उमर हॉटेलच्या धुलाईखात्यात घालवली, तिच्या हातातून बादली काढून घेणं म्हणजे काय, हे त्या दारवानाला कळायचं नाही. बादलीपाठोपाठ पाण्याची बाटली गेली, मग छत्री, मग रुमाल. रुमाल ओला होता, कारण चालत येताना मी त्याने घाम पुसला होता. मग त्याने माझे तळहात उलटसुलट करून पाहिले आणि कोरड्या फडक्याने टिपले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो असाच टिपतो. मी त्याचं नाव टीपकागद ठेवलं आहे.

आत मोठा हॉल आहे. तिथं पंप तपासतात. पण त्या पंपांतून पाणी फिरत नाही, वितळलेलं सोडियम फिरतं. इथल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, उष्णता इकडून तिकडे वाहून न्यायला याच्यासारखा हमाल नाही. मग त्यांनी आम्हा नव्या लोकांना अंगणात नेलं. रॉकेलच्या बरणीतून एक मळकट गोळा चिमट्याने काढला आणि साध्या सुरीने कापला. लोण्यासारखा कापला गेला! आतून चांदी. "अगंबाई, चांदीच!" असं मी म्हणेपर्यंत ती काळवंडलीसुद्धा. त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा त्यांनी परातीतल्या पाण्यात टाकला. तो गोल गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा पळायला लागला, फुसफुसला, आणि शेवटी पिवळा भडका उडून टप्पकन फुटला.

"याला पाणी भेटलं की हे असं होतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून हॉलमध्ये पाण्याचा थेंब नको. सफाई कोरडी करायची."

मी म्हटलं, "मॅडम, कोरडी सफाई म्हणजे सफाई नव्हे. इकडची धूळ तिकडे."

मॅडम हसल्या नाहीत. त्या हसतच नाहीत म्हणे. त्यांनी ही वही दिली आणि रोज जे शिकाल ते लिहा म्हणून सांगितलं. आजचं शिकलेलं दोन शब्दांत मावतं: पाणी नको. उरलेल्या पानांवर मी माझं लिहीन.

एप्रिलअखेरपर्यंत नोकरी कच्ची. कायम झाले की आवारातला क्वार्टर मिळेल. दोन खोल्या, स्वतःची मोरी आणि नळाला दिवसभर पाणी. तो क्वार्टर मला हवा म्हणजे हवाच. हॉटेल बंद पडलं तशी त्यामागची माझी खोलीही गेली, आणि तेव्हापासून मी वहिनीच्या घरात मागच्या खोलीत पडून आहे. दादा असता तर गोष्ट वेगळी. तो गेल्यावर त्या घरात मी कोण? नणंद. आणि वहिनी मला पाण्यात पाहते. हे असलं बोलणं हॉलमध्ये चालतं का, ते उद्या टीपकागदाला विचारायला हवं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फजिती. डोक्यावरून अंघोळ करून गेले तर टीपकागदाने वेणी पिळून पाहिली आणि मला बाहेरच्या बाकावर उन्हात बसवलं. केस वाळेपर्यंत आत सोडायचं नाही म्हणे. येणारा-जाणारा बघतोय आणि मी दोरीवरच्या चादरीसारखी वाळतेय. त्यात आकाशात ढग.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मोरीतून बाहेर येते तो वहिनी टॉवेल घेऊन दारात उभी. "बसा ताई. केस नीट पुसून देते, नाहीतर परत बसवतील उन्हात." आणि तिने खसाखसा पुसले, अगदी मुळापर्यंत. एक दिवसाची फजिती घरी सांगायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन टोमणा हजर!

१० फेब्रुवारी, मंगळवार

हॉलच्या भिंतीवर लाल बादल्या ओळीने टांगल्या आहेत. पाहून माझा जीव भांड्यात पडला. चला, बादली तरी आहे. आत हात घातला तर पांढरी पूड. बोटांत चोळली आणि ओळखली, धुण्याचा सोडा! एवढा सोडा भिंतीवर टांगून ठेवायचा आणि धुवायला मात्र बंदी.

मॅडमनी मला तिथंच पकडलं. सोडियम पेटलं तर त्यावर टाकायला तो सोडा ठेवलाय. भट्टीत वाळवून ठेवलेला. "पाणी ओतलं तर ही आग विझत नाही, उसळते," त्या म्हणाल्या. "आणि घरचा धुण्याचा सोडा चालत नाही, त्यात ओल असते. काहीच हाताशी नसलं तर कोरडं मीठ. भरपूर. झाकून टाकायचं आणि गप्प उभं राहायचं." आग लागल्यावर गप्प उभं राहायचं! मी या गावची नाही, असं मला वाटायला लागलंय.

फरशी मात्र मी कोरड्या फडक्याने अशी केली की पंपाचं प्रतिबिंब दिसतं. मॅडम त्यावरून चालत गेल्या आणि मागे वळून एकदा बघितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी घरी शिवणकाम करते. संध्याकाळी मी हात-पाय धुऊन बसले की तिचा एकच प्रश्न, "आज काय झालं तिकडे?" आणि मी बोलायला लागले की मशीन थांबवते. म्हणजे एक शब्द सुटायला नको. माझी नोकरी कधी जाते यावर डोळा, दुसरं काय. मीही मग असं सांगते की ऐकतच राहावं. गल्लीतला तो पिवळा दिवा आहे ना, त्यात सोडियमचीच वाफ असते म्हटलं. रंगाच्या कारखान्यात लागतं, औषधांच्या कारखान्यात लागतं. पेटलं तर धूर घशाला झोंबतो. मिठाची गोष्टही सांगितली. तिला खरं वाटेना.

"मिठात सोडियम? आपण पाण्यात टाकतो त्या मिठात?"

"तिथं त्याला जोडीदार मिळालाय ना, म्हणून शांत आहे. एकटं असलं की असं भडकतं."

वहिनीने सुईत दोरा ओवला. खूप वेळ ओवत होती. मग म्हणाली, "एकट्याचं तसंच असतं."

हा टोमणा मला होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१ मार्च, रविवार

क्वार्टर बघून आले. वहिनी मागे लागली, मीही येते. नको कसं म्हणणार? रस्ताभर एक अक्षर बोलली नाही आणि तिथं गेल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुरू. खिडकीतून ऊन येत नाही. मोरीचा उतार उलटा आहे. शेजारी कोणी नाही, रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं तर हाक कोणाला मारणार? मी नळ सोडून उभी होते. काय धार! मनगटाएवढी! आमच्या घरी सकाळी तासभर पाणी येतं आणि वहिनी बादल्या मोजते. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा झाडांना घालते.

तिची जळफळ बघून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू? परत येताना तिने चप्पल तुटल्याचं निमित्त काढलं आणि मागे मागे चालत राहिली.

१८ मार्च, बुधवार

हॉलच्या कोपऱ्यात एक मांडणी आहे. सोडियम लागून खराब झालेली भांडी, चिमटे, नळ्या तिच्यावर ठेवतात. पुरेशी जमली की गाड्यावर घालून मागच्या खोलीत नेतात. तिथं त्यांचं काय करतात, मला माहीत नाही. मला तिकडे जायची परवानगी नाही. मांडणीवर सात नंबरची एक स्टीलची वाटी आहे, नमुना घ्यायची. गेला महिनाभर ती तिथंच पडली आहे. बाहेरून कळकट, आत तळाला पांढरी साय धरलेली.

आज राहवलं नाही. बाहेरची बाजू कोरड्या फडक्याने घासली. आरसा केला आरसा! टीपकागदाला तिच्यात मिशा दिसल्या. पण आतली साय कोरड्या फडक्याला दाद देईना. बाहेरून आरसा आणि आतून अशी, म्हणजे नव्या साडीखाली फाटका परकर. मॅडमना म्हटलं, एक तांब्या पाणी द्या, बाहेर अंगणात नेऊन दोन मिनिटांत काढते. मॅडम म्हणाल्या, "त्या वाटीला हात लावायचा नाही." एवढंच. कारण सांगायला त्यांचं काय जात होतं?

२६ मार्च, गुरुवार

डबा घरी विसरले तर दुपारच्या उन्हात वहिनी डबा घेऊन फाटकावर हजर. सगळ्यांसमोर! मी काय शाळेत जातेय? मी बाहेर येईपर्यंत टीपकागदाशी गप्पा मारत होती, ताई वेळेवर जेवतात ना, पाणी प्यायला बाहेर सोडता ना. पाळत म्हणतात ती हीच. अंगणात भांड्यांचा गाडा उभा होता, तोही तिने न्याहाळून घेतला. गाडा मागच्या खोलीकडे जाणार होता, पण चाक अडकलं आणि सगळं पुन्हा मांडणीवर आलं. सात नंबरही परत आली. माझ्याकडे बघत बसली आहे.

२८ मार्च, शनिवार

वाटी घरी आणली आहे.

टीपकागद आत जाणाऱ्याला टिपतो. बाहेर जाणाऱ्याला कोण विचारतं? पाणी आत यायला नको, एवढीच त्यांना काळजी. उद्या रविवार, सकाळी पाणी आलं की पाच मिनिटांचं काम. सोमवारी मांडणीवर परत. मॅडम बघतील आणि म्हणतील, ही कोणी केली हो? तेव्हा मी काहीच बोलणार नाही, नुसती उभी राहीन.

इतक्या दिवसांच्या पांढऱ्या पापुद्र्यात कसलं आलंय सोडियम? जे काळवंडलं ते मेलं. हे माझं मत.

२९ मार्च, रविवार

आज विशेष काही नाही. घरातलं मीठ संपलं.

३० मार्च, सोमवार

लिहितेच. कोणाला सांगू शकत नाही, तर वहीला तरी.

काल सकाळी मागच्या दारी मोरीत वाटी ठेवली आणि पहिला तांब्या ओतला. फुसफुस सुरू झाली. मला काय आनंद! वाटलं, बघा, मळ सुटायला लागला. म्हणून दुसरा ओतला, चांगला वरून. त्यानंतर आवाज झाला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, तांब्या माझ्या हातातून उडून दोरीवरच्या कपड्यांत गेला, आणि पिवळ्या आगीचा एक गोळा वाळलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर पडून तडतडायला लागला. पांढरा धूर घशात गेला. सायीखाली सोडियम जिवंत होतं. साय त्याचं पांघरूण होती.

आग दिसल्यावर मी काय केलं? जन्मभर जे केलं तेच. भरलेली बादली उचलली. ओतणार, तेवढ्यात मनगट कोणीतरी असं पकडलं की बांगडी वाकली.

"पाणी नको!" वहिनी ओरडली. "ताई, पाणी नको, उसळेल!"

मी म्हटलं, "सोडा! धुण्याचा सोडा आणा!"

"त्यात ओल असते, तुम्हीच सांगितलंत ना!" म्हणत ती स्वयंपाकघरात धावली आणि मिठाची मोठी बरणी घेऊन आली. वर्षभराचं मीठ! सगळं त्या आगीवर उपडं केलं. वर डब्यातलं रोजचं मीठही. मग आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून गप्प उभ्या राहिलो. ढिगाखाली काहीतरी कुरकुरत होतं, ते हळूहळू थांबलं.

माझ्या डाव्या मनगटावर एक ठिणगी बसली होती. वहिनीने ती आधी कोरड्या फडक्याने झटकली आणि मग हात धरून त्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. ओततच राहिली. पिंप रिकामं केलं. मी म्हटलं, बस झालं, तर म्हणाली, "गप्प बसा हो!" माझ्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे, बाकी काही नाही. मग भिजलेल्या जमिनीवर बसून ती मला इतकं बोलली, इतकं बोलली की जखमेवर मीठ परवडलं. दोन चादरी, तिचं एक पातळ आणि कोणाचा तरी शिवायला आलेला सदरा, एवढं जळालं.

वाटी मात्र शाबूत आहे. एका बाजूला साय अजून तशीच. तिला आता फडक्यात गुंडाळून फडताळात सगळ्यात वर ठेवली आहे, पाण्यापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी.

३१ मार्च, मंगळवार

मॅडमनी मांडणीवरची भांडी मोजली. सात नंबर नाही. सगळ्यांना विचारलं. मी मान खाली घालून फरशी पुसत होते. "जो कोणी असेल त्याने आणून ठेवावी," त्या म्हणाल्या, "आणि ती पाण्याजवळ नेऊ नये, एवढीच विनंती आहे."

सांगितलं तर नोकरी गेली, क्वार्टर गेला. नाही सांगितलं तर महिन्याने मनगटाएवढी धार माझी. वाटी नदीत टाकावी असं मनात आलं. नदीत! माझ्या डोक्यात अजून तेच, जे काही असेल ते पाण्यात घाल.

घरी वहिनीने विचारलं, "आज काय झालं तिकडे?" मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता क्वार्टर विसरा. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता.

२ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

अकराच्या सुमाराला टीपकागद सांगत आला, मॅडमनी बोलावलंय. खोलीत गेले तर समोर वहिनी बसलेली! लग्नकार्याला नेसते ते पातळ, आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेली सात नंबरची वाटी.

"ह्या म्हणतात वाटी त्यांनी नेली," मॅडम म्हणाल्या.

"डबा द्यायला आले होते ना मी," वहिनी पाठ केल्यासारखी बोलायला लागली. "गाड्यावर ही दिसली. वाटलं, आमच्या डब्यातलीच वाटी इथं राहिली. घातली पिशवीत. घरी धुवायला गेले तर हा सगळा प्रकार. ताईंना यातलं काही माहीत नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. मनात म्हटलं, बघा! मला घरातून घालवायची किती घाई! क्वार्टर हातचा जाईल म्हणून खोटं बोलायलासुद्धा तयार.

मॅडमनी वाटी उजेडात धरून फिरवली. "बाहेरून फार सुरेख घासली आहे. हेही तुम्हीच केलं?"

"हो. मीच."

"असं घासलेलं मी इथं आजवर पाहिलं नाही." त्यांनी वाटी खाली ठेवली. "ठीक आहे. मग ताईंचं नाव यातून गेलं. त्या कायम होतील, क्वार्टर मिळेल. तुम्हाला मात्र या आवारात पुन्हा येता येणार नाही. फाटकावर तसं कळवते. क्वार्टरवर भेटायलाही नाही. कधीच नाही. चालेल?"

वहिनीने पदर सारखा केला. "चालेल," म्हणाली. आवाज बसला होता. धुराने असेल, असं मला वाटलं.

यापेक्षा चांगलं काय व्हायचं होतं? नोकरी माझी, दोन खोल्या माझ्या, नळ माझा आणि वहिनीला फाटकाबाहेर बंदी. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, ते असं. मला फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं.

"खोटं आहे!" मी ओरडले. "मॅडम, त्या रेघा बघा. गोल आहेत ना? गोल मी घासते. ह्या बाई उभ्या रेघांनी घासतात, जन्मभर तशाच घासत आल्या. घरी येऊन पातेली बघा हवी तर. माझ्या हाताचं काम मी दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणार नाही! वाटी मी नेली, मी धुतली, आणि आग लागली तेव्हा पाणी ओतायला निघाले तीही मीच. ह्यांनी मीठ टाकलं म्हणून घर राहिलं."

मग मॅडम हसल्या. खरोखर हसल्या, दात दिसले. "मलाही रेघा गोलच दिसत होत्या," त्या म्हणाल्या.

हसू संपल्यावर जे बोलल्या त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दोन घरं उडाली असती, डोळे गेले असते. कायम करणार नाहीत. क्वार्टर टीपकागदाला जाईल. हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नाही. मी निघाले तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, "धुतल्याशिवाय ज्या बाईला राहवत नाही, तिने ते धुवायचं कसं हे शिकावं. सोमवारपासून मागच्या खोलीत या. पहिल्या दिवसापासून पुन्हा, शिकाऊ म्हणून."

रस्त्यात वहिनी अशी झपाझप चालली की मला धावावं लागलं. मग गर्रकन वळली. "तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं होतं? क्वार्टर, क्वार्टर करून माझा जीव खाल्लात, आणि ताटात वाढलेला क्वार्टर लाथाडलात!"

"तुम्हाला मी जायलाच हवं होतं. म्हणून तर आलात."

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. "मला हवं होतं?" तिने एवढंच विचारलं. मग पुन्हा झपाझप चालायला लागली.

मी का बोलले? त्या रेघांसाठी. दुसरं कारण नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

झोप लागली नाही. ज्या बाईला नणंद नकोशी झाली आहे, ती "कधीच भेटता येणार नाही" ऐकून आनंदाने घरी जाईल. आवाज कशाला बसेल तिचा? धूर तर माझ्याही घशात गेला होता, मी तर चांगली ओरडत होते.

आणि पिंप. भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालणाऱ्या बाईने माझ्या मनगटावर पिंपभर पाणी ओतलं आणि एक तांब्यासुद्धा मोजला नाही. मीठ कोरडं हवं, सोडा चालत नाही, हे मी कधी तरी बडाई मारताना बोलले होते. मी स्वतः विसरले. तिने ऐकून ठेवलं. मशीन थांबवून ऐकत होती ती.

मी मूर्ख आहे. हे वहीत लिहायला सोपं गेलं, तिला तोंडावर सांगायचं जमत नाही. सकाळी केस ती पुसत होती तेव्हा नुसती बसून राहिले.

६ एप्रिल, सोमवार

मागची खोली म्हणजे धुण्याची खोली आहे! इतके दिवस माझ्यापासून वीस पावलांवर होती. वर हवा खेचणारा मोठा पंखा, दारं-खिडक्या उघड्या, आणि धुणं असं की माझ्या हॉटेलातल्या बायका वेड्या झाल्या असत्या. आधी स्पिरिट. सोडियम त्यात पेटत नाही, बारीक बुडबुडे सोडत हळूहळू विरघळतं. बुडबुडे जोरात आले तर थांबायचं. कमी झाले तर आणखी थोडं. मॅडमनी मला सात नंबरची वाटीच दिली. सकाळी बसले ती दुपारपर्यंत त्या बुडबुड्यांकडे बघत. एकही बुडबुडा येईना तेव्हा मॅडमनी स्वतः पाहिलं आणि मग म्हणाल्या, "आता पाणी."

चमचाभरच घातलं. काही झालं नाही. मग आणखी थोडं, मग वाटीभर. पाणी नितळ राहिलं. आतून पण आरसा निघाला. एक वाटी धुवायला पाच तास! पण आज वहिनीने विचारलं तेव्हा टोमणा ऐकू आला नाही. तिला बुडबुड्यांपासून सगळं सांगितलं. मशीन थांबलेलंच होतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

मॅडमनी सकाळी विचारलं, पुढच्या वर्षी आणखी एक क्वार्टर रिकामा होईल, यादीत तुमचं नाव ठेवू का?

मी नको म्हटलं.

"का? तुम्हाला तर फार हवा होता."

"मला घर आहे," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग ते खरं आहे हे लक्षात आलं.

घरी येऊन वहिनीला सांगायचं होतं. जेवणं झाली, भांडी झाली तरी शब्द फुटेना. शेवटी ती शिवायला बसली तेव्हा मशीनपाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "वहिनी, मी क्वार्टरला नको म्हणून सांगून आले. मला तुमच्याजवळच राहायचंय. तुम्हाला चालत असेल तर." आयुष्यात असं कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. नवरा जिवंत होता तेव्हा त्यालासुद्धा नाही, बिचारा.

वहिनीने दोरा दाताने तोडला. माझ्याकडे बघितलं नाही.

"मग मागच्या खोलीतलं ते गाठोडं सोडा आता," ती म्हणाली. "हॉटेलातून आलात तेव्हा बांधलेलं आहे, अजून तसंच आहे. रोज झाडताना दिसतं मला. रोज वाटायचं, आज उचलून निघणार ह्या."

मी खोलीत गेले. गाठ इतकी घट्ट बसली होती की नखाने सुटेना. वहिनी कात्री घेऊन आली आणि खाली बसून तिने ती कापली. मग दोघींनी मिळून एकेक कपडा बाहेर काढला. सगळ्याला कोंडलेला वास येतोय. उद्या सकाळी पाणी आलं की धुवायला काढायचं. किती बादल्या लागतील, ते वहिनी ठरवील.